पहिली बारा माणसे कुठून येतात?

कोणतीही नवी मंडळी उभी करायची म्हटली की आधी जागेची काळजी वाटते, मग पैशाची. प्रत्यक्षात घोडे अडते ते माणसांपाशी. मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी नवे चर्च सुरू करू पाहणाऱ्या पाळकाला भाड्याने खोली मिळेल, पेटी-तबला मिळेल, सतरंज्याही मिळतील. पण पहिल्या रविवारी त्या सतरंजीवर येऊन बसणार कोण? आणि आलेली माणसे दुसऱ्या रविवारी परत येतील, ती कशाच्या ओढीने?

मंगळवेढ्याला हा प्रश्न नवा नाही. गेल्या साडेआठशे वर्षांत या गावाने आणि या भीमेकाठच्या मुलखाने तीन वेळा तरी नव्या मंडळ्या जमताना पाहिल्या. बाराव्या शतकात बसवेश्वरांचे शरण, चौदाव्या शतकात चोखोबांच्या घरातले वारकरी आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनच्या ख्रिस्ती मंडळ्या. श्रद्धा निराळ्या, भाषा निराळ्या. पण माणसे जोडण्याच्या वाटा विलक्षण सारख्या. आज नवे चर्च सुरू करणाऱ्याला परदेशी पुस्तकांत जे शोधावे लागते, त्यातले बरेचसे इथल्या मातीत आधीच घडून गेले आहे.

जमाखर्चाच्या वहीपासून वचनापर्यंत

कलचुरी बिज्जळ हा चालुक्यांचा मांडलिक म्हणून मंगळवेढ्यास राज्य करत होता. कूडलसंगमाहून आलेले बसवेश्वर इथे त्याच्या दरबारी हिशेबनीस म्हणून लागले आणि पुढे वरच्या पदांवर चढले, असे परंपरा सांगते. बिज्जळाने कल्याणची गादी घेतल्यावर तेही कल्याणला गेले आणि तिथे अनुभवमंटप भरू लागला.

त्या बैठकीत कोण येत होते, हे नावांवरूनच कळते. मादार चन्नय्या, डोहार कक्कय्या, होडी वल्हवणारा अंबिगर चौडय्या, कपडे धुणारा मडिवाळ माचीदेव. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा धंदा किंवा त्याची जात लागलेली. या माणसांना धर्मचर्चेचे आमंत्रण त्याआधी कुणी दिले नव्हते. बसवेश्वरांनी ते दिले आणि आमंत्रणाआड येणारे तीन अडसर दूर केले. संस्कृतऐवजी बोलीतली कन्नड वचने आली, त्यामुळे समजण्याची अडचण उरली नाही. इष्टलिंग अंगावर धारण करायचे असल्याने देवळाच्या दारात अडवणारा पुजारी मधून गेला. कायक म्हणजे श्रम हीच उपासना ठरल्याने धंदा सोडून येण्याचीही गरज राहिली नाही.

बोलावणे किती दूर जाते याचेही उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. सोन्नलगी म्हणजे आजच्या सोलापुरात सिद्धरामेश्वर तळे खोदण्याच्या, देवळे बांधण्याच्या लोककार्यात गढले होते. परंपरा सांगते की अनुभवमंटपातले अल्लमप्रभू स्वतः तिथे गेले, काम चालू असताना त्यांच्याशी वाद घातला आणि त्यांना कल्याणला घेऊन आले. सिद्धरामेश्वर सभेला येतील म्हणून कुणी वाट पाहत बसले नाही. माणूस जिथे कामात आहे तिथे जाऊन, त्याच्या कामाविषयी बोलून, मग पुढचे बोलणे झाले.

पण या मंडळीची खरी परीक्षा वचनांत झाली नाही, लग्नात झाली. चर्मकार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचा विवाह शरणांनी मान्य केला आणि कल्याणात रक्त सांडले. दोन्ही बापांना देहदंड झाला, पुढे बिज्जळाचा खून झाला, शरण पांगले. एकत्र बसून चर्चा करणे समाजाने खपवून घेतले होते. सोयरीक मात्र त्याला झेपली नाही. नव्या मंडळीचे ‘सगळे समान’ हे वाक्य कुठपर्यंत खरे आहे, याची रेघ तेव्हापासून आजवर लग्नाच्या मांडवातच ओढली जाते.

एका घरातले पाच कवी

बसवेश्वरांनंतर दीडेकशे वर्षांनी याच मंगळवेढ्यात चोखामेळा होऊन गेले. नामदेवांच्या संगतीने ते विठ्ठलभक्तीकडे वळले, असे वारकरी परंपरा मानते. त्यानंतरचे चित्र पाहण्यासारखे आहे. पत्नी सोयराबाई अभंग रचते, बहीण निर्मळा रचते, तिचा नवरा बंका रचतो, मुलगा कर्ममेळा रचतो आणि चोखोबा स्वतः तर आहेतच. एका महार कुटुंबातली पाच माणसे मराठी संतकवितेत जाऊन बसली.

समाजशास्त्रज्ञ ज्याला जाळे म्हणतात ते हेच. विचार एका माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाला पटवला आणि तो असा पसरत गेला, असे फारसे घडत नाही. तो नवऱ्याकडून बायकोकडे, भावाकडून बहिणीकडे, तिथून मेहुण्याकडे आणि बापाकडून पोराकडे जातो. पोरगा बापाचे सगळे मुकाट्याने घेत नाही, हेही कर्ममेळ्याच्या बोचऱ्या प्रश्नांतून दिसते. घरातून आलेली श्रद्धा आंधळी असते असे मानण्याचे कारण नाही.

वारकरी पंथाची दुसरी खुबी त्याच्या उंबऱ्यात आहे. तो ठेंगणा आहे. तुळशीची माळ घ्यायची, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही. नाव नोंदवायला कचेरी नाही, परीक्षा नाही. कच्चा माणूस दिंडीत चालता चालता पक्का होतो. टाळ हातात आला की अभंग आपोआप पाठ होतात. मोठी व्याख्याने ऐकवण्याआधी माणसाला चालायला आणि गायला लावणे ही माणसे जोडण्याची फार जुनी आणि फार यशस्वी रीत आहे.

आणि तरीही चोखोबा देवळाबाहेरच राहिले. १३३८ साली मंगळवेढ्यात कुसाचे बांधकाम कोसळून ते दगावले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे. त्या द्वारातून आत जाण्याचा हक्क त्यांच्या समाजाला मिळावा म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले. पंथात घेतले, पण गाभाऱ्यात घेतले नाही, अशी ही सहाशे वर्षे होती. एकोणिसाव्या शतकात मिशनरी या मुलखात आले तेव्हा त्यांचे बोलणे कोणाला कानाआड करता आले नाही, याचे एक उत्तर त्या दाराशी आहे.

चौकातले भाषण आणि चावडीबाहेरची ओळख

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईत उतरले. ते मराठी शिकले, त्यांनी रस्त्यात उभे राहून उपदेश केला, छापखाना घातला, पत्रके वाटली, शाळा काढल्या. १८२४मध्ये त्यांच्या मिशनने मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. १८२६ साली मराठी नवा करार छापला. इतके सगळे करूनही पहिल्या दोन दशकांत मंडळीत आलेली एतद्देशीय माणसे फारच थोडी होती. लोक ऐकत, वाद घालत, पत्रक घेत आणि घरी जात.

शाळांचे फळ तर भलतीकडेच लागले. मिस सिंथिया फरार यांची नगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८मध्ये पुण्यात मुलींसाठी आपली शाळा काढली. ख्रिस्ती मात्र ते झाले नाहीत. संस्थेच्या कामाने समाज बदलतो, पण त्यातून सभासद मिळतीलच असे नाही. दोन्हींचा हिशेब निराळा ठेवलेला बरा.

१८३१च्या अखेरीस मिशनने अहमदनगरला ठाणे केले. बरोबर बाबाजी नावाचे ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थ होते. आंधळ्या-पांगळ्या निराधारांसाठी चालवलेल्या आश्रयगृहात त्यांची रोजची ऊठबस होती आणि नगरच्या आरंभीच्या मंडळीतली बरीच माणसे तिथूनच आली. १८३३मध्ये ही मंडळी स्थापन झाली आणि त्याच वर्षी बाबाजी पटकीने गेले. पुढे हरी रामचंद्र खिस्ती यांच्यासारखे ब्राह्मणही आले. पण मंडळीला खरा विस्तार मिळाला तो नगर जिल्ह्याच्या खेड्यांत, महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून. एका गावातला एक जण आला की त्याचा साडू दुसऱ्या गावात ऐकायला बसे. लग्नाला, दहाव्याला, जत्रेला जमलेले पाहुणे बातमी पुढे नेत. मिशनऱ्याचा घोडा पोचायच्या आत सोयऱ्याचा निरोप पोचलेला असे. १८६०च्या दशकात सोलापूरला मिशनचे ठाणे झाले, तेव्हा ही रीत चांगली रुळली होती.

मग गाण्याचा शोध लागला, म्हणजे या मातीत होता तोच पुन्हा लागला. हेन्री बॅलेंटाइन यांनी मराठी गीते रचली. पण ती ऐकायला गाव गोळा झाला तो कीर्तनाने. नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी झांज, वीणा, पूर्वरंग-उत्तररंग हा सगळा थाट तसाच ठेवून ख्रिस्ती आख्याने लावली. चौकात उभा राहून बोलणारा परका वाटे, कीर्तनकार मात्र आपला वाटे. १८९५च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक तर म्हणत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांनी भजने, अभंग, पदे यांचा जो साठा मराठी मंडळ्यांना दिला, तो आजही खेड्यापाड्यांतल्या उपासनेत गाजतो.

शास्त्र काय सांगते

गंमत अशी, की ‘चर्च कसे वाढते’ या विषयाचे विसाव्या शतकातले सर्वांत गाजलेले शास्त्र अमेरिकेत जन्मले नाही. ते मध्य भारतात जन्मले. डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म १८९७ साली दमोहचा. मध्य प्रांतात अनेक वर्षे काम केल्यावर त्यांना प्रश्न पडला, की शाळा-दवाखाने असलेली काही ठाणी पन्नास-पन्नास वर्षे तशीच का राहतात आणि काही ठिकाणी गावेच्या गावे का येतात? वॉस्कम पिकेट यांनी १९३३मध्ये भारतातल्या सामुदायिक धर्मांतरांची पाहणी प्रसिद्ध केली होती. तिच्या आधाराने मॅकगॅव्हरन यांनी १९५५च्या पुस्तकात उत्तर मांडले: नातेसंबंध हेच देवाचे पूल. माणसाला त्याच्या माणसांतून तोडून आणले की तो एकटा पडतो आणि पूलही तुटतो.

१९६५ साली जॉन लॉफलंड आणि रॉडनी स्टार्क यांनी कॅलिफोर्नियातल्या एका नव्या, छोट्या पंथाचा अभ्यास छापला. त्या पंथाने जाहीर आवाहने केली, व्याख्याने लावली. हाती फारसे लागले नाही. जे आत आले, त्यांची आतल्या माणसांशी मैत्री वा नाते आधीच जुळले होते आणि बाहेरच्यांशी असलेले धागे सैल झाले होते. मत नंतर पटले, माणूस आधी पटला. स्टार्क यांनी पुढे १९९६च्या पुस्तकात रोमन साम्राज्यातल्या ख्रिस्ती धर्माच्या वाढीला हेच लावून पाहिले. दर दहा वर्षांनी चाळीस टक्के, म्हणजे वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आतली वाढ धरली तरी तीन शतकांचा हिशेब जुळतो, असे त्यांनी दाखवले. चमत्कारिक लाट कुठेच लागत नाही. साथीच्या रोगांत शेजाऱ्याला टाकून न पळणारी माणसे आणि त्यांचा गोतावळा एवढे पुरते.

मग दारोदार फिरणे व्यर्थ आहे का? पाळक रिक वॉरन यांनी १९८०मध्ये कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीला घरोघर जाऊन विचारले, की तुम्ही चर्चला का जात नाही? उत्तरे आली: प्रवचन कंटाळवाणे, सतत पैशाची मागणी, नव्या माणसाची दखल नाही, लेकरांना कुठे ठेवायचे. त्या उत्तरांवर बेतलेल्या ईस्टरच्या पहिल्या उपासनेला सुमारे दोनशे माणसे आली. पण ती वसाहत नुकतीच वसलेली होती. शेजारी शेजाऱ्याला ओळखत नव्हता, नातलग दूर होते. पाटी कोरी होती. पुण्याच्या वा नवी मुंबईच्या नव्या सोसायट्यांत हे काही अंशी चालेल. मंगळवेढ्यात कागद घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो तो ‘तुम्ही कुणाचे?’ आणि त्याचे उत्तर ज्याला देता येते, त्याचेच पुढचे ऐकले जाते.

लपलेली मंडळी, उघडा दरबार

नात्यावाचून, केवळ विचारांवर मंडळी जमवून पाहणारेही महाराष्ट्रात झाले. १८४९मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग प्रभृतींनी परमहंस मंडळी काढली. सभासद होताना जातिभेद मोडल्याची खूण म्हणून परक्याने भाजलेला पाव खावा लागे, परजातीच्या हातचे पाणी प्यावे लागे. पण हे सारे बंद दाराआड. १८६०मध्ये सभासदांची यादी चोरीला गेली, नावे फुटली आणि मंडळी बसली ती बसलीच. १८६७ साली आलेली प्रार्थना समाज ही संस्था उघड होती, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकरांसारखी माणसे तिला लाभली. पण ती शिकलेल्या शहरी माणसांपलीकडे फारशी गेली नाही. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने मात्र १८७३पासून लग्ने लावली, पुढे जलसे केले आणि खेड्यात मुळे धरली. लग्न आणि गाणे, पुन्हा तीच दोन दारे.

नारायण वामन टिळकांचा शेवटचा प्रयोग याहून निराळा होता. १९१७ साली त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला मानतो, पण बाप्तिस्मा घेऊन समाज सोडायला तयार नाही, अशा माणसालाही तिथे बाप्तिस्मा घेतलेल्याच्या शेजारी जागा होती. उंबऱ्यावर घुटमळणाऱ्या माणसाचा इतका आदराने विचार करणारा दुसरा मराठी ख्रिस्ती विचारवंत सापडत नाही. १९१९च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार विरला.

आज मंगळवेढ्यात

तेव्हा आज इथे नवे चर्च सुरू करणाऱ्याने काय करावे? बॅनर आणि ध्वनिक्षेपक शेवटी ठेवावेत. आधी दोन-तीन घरे पाहावीत, जिथे संध्याकाळी दहा माणसे बसू शकतात. पहिल्या शतकात फिलिप्पै नगरीत जांभळी वस्त्रे विकणाऱ्या लुदियेच्या घरातूनच काम सुरू झाले होते. दवाखान्यात जाऊन बसावे, मयताच्या घरी पहिल्या दिवशी जावे आणि चौदाव्या दिवशीही जावे. ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत रविवारची वेळ सकाळी लवकर किंवा रात्री ठेवावी. रानात असलेल्या माणसाला गैरहजर म्हणू नये. आलेल्याला पहिल्याच महिन्यात काम द्यावे: पेटी, सतरंजी, चहा, वाचन. ज्याच्या हातात काम असते तो परत येतो.

कायद्याचे भानही हवे. राज्यघटनेचा २५वा अनुच्छेद धर्म आचरण्याचे आणि प्रसाराचे स्वातंत्र्य देतो; पण स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये स्पष्ट केले, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आपले म्हणणे सांगता येते; जबरदस्ती, फसवणूक, आमिष चालत नाही. मिशनवर ‘दुष्काळात भाकरी देऊन माणसे घेतली’ हा आरोप आजही होतो. दुष्काळात मदत केली हा दोष नव्हे. मदत आणि आमंत्रण एकाच ताटात वाढले की संशय येतो, आणि तो पिढ्यानपिढ्या जात नाही. या बाबतीत मंगळवेढ्याने दुसरीकडे पाहायचे कारण नाही. इथल्याच दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार उघडले ते भुकेल्यांसाठी. धान्य नेणाऱ्याला त्यांनी कोणत्याही पंथात बोलावले नव्हते.

शेवटचा धोका यशाचा आहे. नात्याच्या जाळ्यातून मंडळी भराभर वाढते, पण ते जाळे जातीचेच असते. एकसारख्या लोकांतच काम लवकर वाढते, हे मॅकगॅव्हरन यांचे निरीक्षण खरे आहे; त्यावर झालेली टीकाही तितकीच खरी आहे. समानतेसाठी निघालेले शरण पुढे जातींत वाटले गेले, वारकऱ्यांनी चोखोबांना पायरीशी ठेवले, आणि महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांतही सोयरीक जुळवताना मूळ जात विचारली जाते. पहिली बारा माणसे एका भावकीतली असली तर बिघडत नाही. बहुतेक वेळा ती तशीच असतात. तेरावे माणूस भावकीबाहेरचे यावे आणि त्याचे ताट वेगळे मांडले जाऊ नये, यासाठी मात्र पहिल्या दिवसापासून जाणूनबुजून कष्ट घ्यावे लागतात. ते ज्यांनी घेतले नाहीत, त्यांची मंडळी वाढते, पण ती नवी राहत नाही.